मृत्युपत्रात लिहिले होते, मग मिळत का नाही?

मृत्युपत्राबद्दल येणाऱ्या पत्रांत 'कसे करायचे' असे विचारणारी थोडी आणि 'केले होते, पण...' अशी सुरुवात असलेली पुष्कळ असतात. या वेळी त्यातलीच निवडली आहेत. उत्तरे भारतीय वारसा कायदा, १९२५ आणि हिंदू वारसा कायदा, १९५६ यांना धरून आहेत. पहिल्या कायद्यातला मृत्युपत्राचा भाग मुस्लिम व्यक्तींना लागू नाही, त्यामुळे त्यांनी ही उत्तरे स्वतःला लावून घेऊ नयेत. बाकी नावे-गावे गाळली आहेत, फक्त भाग ठेवला आहे.

प्रश्न : वडिलांनी २०१३ साली नोंदणीकृत मृत्युपत्र केले. सिन्नर तालुक्यातली शेतजमीन मला आणि नाशिकरोडचा फ्लॅट धाकट्या भावाला, असे त्यात आहे. पुढे जमीन समृद्धी महामार्गात गेली. पैसे वडिलांच्या खात्यात आले आणि त्यांनी त्याची मुदत ठेव केली. गेल्या वर्षी वडील वारले. ठेव माझ्या जमिनीची आहे, म्हणून ती मला मिळावी असे माझे म्हणणे. भाऊ म्हणतो, निम्मी-निम्मी. बरोबर कोण? (सिन्नर)

उत्तर : कागद न पाहता सांगायचे तर बहुधा दोघेही नाही.

भारतीय वारसा कायद्याचे कलम १५२ असे सांगते : अमुकच वस्तू म्हणून नेमकी दाखवून दिलेली गोष्ट मृत्यूच्या वेळी मृत्युपत्र करणाऱ्याच्या मालकीची राहिली नसेल, किंवा तिचे रूपांतर वेगळ्या प्रकारच्या मालमत्तेत झाले असेल, तर ते देणे निष्फळ होते. कायद्यानेच उदाहरण दिले आहे. सोन्याची साखळी एकाला लिहून दिली आणि नंतर ती मोडून पेला करून घेतला, तर त्या माणसाला पेला मिळत नाही. तुमच्या जमिनीचे पैसे झाले, हा तोच प्रकार. ठेव 'तिचीच' आहे हे तुम्ही बँकेच्या पासबुकावरून शाबीत केले, तरी मृत्युपत्रात ठेव लिहिलेली नाही, जमीन लिहिलेली आहे.

पण एक कागद आधी शोधा. समृद्धीसाठी पुष्कळ जमिनी थेट खरेदीखताने घेतल्या गेल्या आणि काही सक्तीच्या भूसंपादनाने. वडिलांनी स्वतः खरेदीखतावर सही केली असेल, तर वरचा नियम सरळ लागतो. तुमच्याकडे खरेदीखत नसून भूसंपादनाचा निवाडा असेल, तर थोडी जागा उरते. वस्तूत झालेला बदल कायद्याच्या अंमलाने झाला असेल तर देणे निष्फळ होत नाही, असा अपवाद त्याच प्रकरणात पुढे आहे. त्याचे कायद्यातले उदाहरण सरकारी कर्जरोख्यांचे आहे, जमिनीचे नाही. शिवाय पैसे हाती आल्यावर ठेव वडिलांनी आपल्या मर्जीने केली, असे भावाचा वकील म्हणणारच. मुद्दा मांडता येईल, पण त्यावर हवाला ठेवून घरातली तडजोड मोडू नका.

सात-बाराही ताजा काढा. अख्खा गट गेला की काही गुंठे मागे राहिले? जे क्षेत्र वडिलांच्या नावावर उरले असेल ते मृत्युपत्राप्रमाणे तुमचेच आहे. संपादनानंतर गटाचे पोटहिस्से पडून नंबर बदलतो आणि लोक घाबरतात. नंबर बदलला म्हणून देणे फसत नाही, जमीन तीच आहे हे मोजणी नकाशा आणि फेरफार यांवरून दाखवता आले की पुरते.

आता ठेव. मृत्युपत्राच्या शेवटच्या पानावर 'याव्यतिरिक्त माझी जी काही स्थावर-जंगम मिळकत निघेल ती...' अशा धाटणीचे वाक्य आहे का, ते बघा. असल्यास त्यात ज्याचे नाव त्याची ठेव. नसल्यास ठेवीपुरते मृत्युपत्रच नाही असे समजून ती पहिल्या वर्गाच्या वारसांत समान वाटली जाते : आई, तुम्ही दोघे भाऊ, प्रत्येक बहीण, आणि वडिलांची आई हयात असेल तर तीही. तुमच्या पत्रात आईचा किंवा बहिणींचा उल्लेख नाही. बहिणी असतील तर 'निम्मी-निम्मी' हा हिशेब मुळातच चुकतो. ठेवीवर नॉमिनी तुम्ही असलात तरी बँक पैसे फक्त तुमच्या हाती देते. त्यांचे मालक ते वारस राहतात.

ज्यांची जमीन रस्ता, एमआयडीसी किंवा पाइपलाइनच्या आखणीत आहे त्यांनी एकच वाक्य वाढवावे : 'सदर जमीन विकली किंवा संपादित झाली, तर तिच्या मोबदल्यातून माझ्या मृत्यूच्या वेळी शिल्लक असलेली रक्कम, ठेव अथवा त्यातून घेतलेली मिळकत हीसुद्धा त्याच व्यक्तीस मिळावी.' आणि मोबदला घरखर्चाच्या खात्यात न मिसळता वेगळ्या खात्यात ठेवावा, म्हणजे शिल्लक कोणती हे दाखवता येते.

प्रश्न : मी ७१ वर्षांची विधवा, मूलबाळ नाही. यजमानांनी घेतलेला फ्लॅट त्यांच्यामागे माझ्या नावावर झाला. मृत्युपत्रात तो मी बहिणीच्या मुलीला दिला होता. ती गेल्या वर्षी गेली. तिला एक मुलगी आहे. फ्लॅट आता आपोआप त्या मुलीला जाईल ना? (गंगापूर रोड)

उत्तर : नाही. हे उत्तर वाचून झाले की या महिन्यातच नवे मृत्युपत्र करा.

ज्याला द्यायचे तो आपल्याआधी गेला, तर देणे गळून पडते. हे भारतीय वारसा कायद्याचे कलम १०५. त्याच्या मुलांना ते पुढे मिळत नाही. याला मोठा अपवाद कलम १०९ चा, पण तो फक्त स्वतःच्या मुलामुलींना आणि त्यांच्या वंशजांना दिलेल्या देण्यापुरता आहे. भाची, पुतण्या, बहीण, सून, मैत्रीण, इतकेच काय नवरा-बायकोही त्यात बसत नाहीत.

गळून पडलेले देणे 'उर्वरित मिळकती'त, म्हणजे नेमके कोणाला लिहिलेले नाही त्या भागात, जाते. तुमच्या मृत्युपत्रात उर्वरित मिळकतीचे कलम नसेल, तर पुढचा धक्का हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ चा. अपत्यहीन स्त्रीला नवऱ्याकडून वारसाने आलेली मिळकत नवऱ्याच्या वारसांना जाते. म्हणजे तुमचे दीर, नणंदा किंवा त्यांची मुले. माहेरून, आईवडिलांकडून वारसाने आलेली मिळकत वडिलांच्या वारसांना जाते. आणि स्वतःच्या कमाईची? नवरा आणि मुले नसतील तर तीही आधी नवऱ्याच्या वारसांकडे, तुमच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. हा क्रम अनेक बायकांना ठाऊकच नसतो. मृत्युपत्र नीट असेल तर यातले काहीही लागू होत नाही.

नव्या मृत्युपत्रात दोन पायऱ्या लिहा. 'माझा फ्लॅट अमुक हिला मिळावा. ती माझ्या मृत्यूनंतर ३० दिवस हयात नसल्यास तो तमुक यांना मिळावा.' ३० दिवसांची अट वाचायला विचित्र वाटते, पण ती एकाच अपघाताच्या भीतीने घालतात. मृत्युपत्र करणारा आणि लाभार्थी एकाच वेळी गेले आणि आधी कोण गेले याचा पुरावा नसेल, तर कलम १०५ खाली देणे गळते. कायद्यातले उदाहरण बुडालेल्या जहाजाचे आहे, आपल्याकडे कसारा घाटातली गाडी समजा. दुसरीकडे हिंदू वारसा कायद्याचे कलम २१ धाकटा मागे राहिला असे गृहीत धरते. या दोहोंच्या ओढाताणीत वकिलांची दोन वर्षे जातात, आणि ३० दिवसांचे एक वाक्य ती वाचवते.

ती मुलगी १८ वर्षांखालील असेल तर तिच्या वतीने फ्लॅट कोण सांभाळील, त्याचेही नाव घाला आणि मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा व्यवस्थापक नेमा.

प्रश्न : सासऱ्यांनी पंचवटीतले दुकान माझ्या यजमानांना मृत्युपत्राने दिले होते. यजमान सासऱ्यांच्या आधी दोन वर्षे गेले. आम्हाला एक मुलगी आहे. सासरे आता वारले. दोघे दीर म्हणतात की लाभार्थीच राहिला नाही, तेव्हा दुकान सगळ्यांचे. (पंचवटी)

उत्तर : दिरांचे चुकते. दुकान मुलाला दिले होते, मुलगा आधी गेला, पण त्याची मुलगी सासऱ्यांच्या मृत्यूच्या वेळी हयात होती. इथे कलम १०९ लागते आणि देणे टिकते, मृत्युपत्रात उलट इरादा लिहिलेला नसेल तर.

एक बारकावा मात्र घरात सगळे चुकवतात. दुकान थेट तुमच्या मुलीला मिळत नाही. कायदा असे धरून चालतो की तुमचे यजमान सासऱ्यांच्या लगेच नंतर वारले. म्हणजे दुकान आधी यजमानांचे होते आणि मग त्यांच्या मार्गाने उतरते. त्यांनी मृत्युपत्र केले असेल तर त्याप्रमाणे, सगळे तुम्हाला लिहिले असेल तर सगळे तुमचे. नसेल तर त्यांचे पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे तुम्ही, मुलगी आणि त्यांची आई. सासूबाई हयात असतील तर तिघींना प्रत्येकी एक-तृतीयांश. फेरफार किंवा प्रॉपर्टी कार्डावर नोंद घालताना एकट्या मुलीचे नाव लावायचा अर्ज करू नका, तो हरकतीत अडकेल.

मूल नसते तर चित्र पालटले असते. देणे गळून उर्वरित मिळकतीत गेले असते, आणि ती दिरांना लिहिलेली असती तर तुमच्या हाती काही आले नसते.

प्रश्न : वडिलांनी नोंदणीकृत मृत्युपत्रावर मोठ्या भावाच्या नावावर पेनाने आडवी रेघ मारली, शेजारी 'रद्द' लिहून सही केली. तारीखही आहे. भावाचा हिस्सा गेला ना? (सातपूर)

उत्तर : गेला नाही. केलेल्या मृत्युपत्रात नंतर केलेली खाडाखोड, तीवर मृत्युपत्राइतक्याच सोपस्काराने, म्हणजे करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या होऊन, झाली असेल तरच चालते. नुसती सही पुरत नाही. कलम ७१ मध्ये एकच सूट आहे : मूळ शब्द वाचताच येणार नाहीत इतके खोडले असतील तर तेवढा भाग जातो. एका रेघेखाली नाव स्वच्छ वाचता येते, म्हणून भावाचे नाव कायम.

अख्खे मृत्युपत्र रद्द करायचे असेल तर कलम ७० मध्ये मोजकेच रस्ते आहेत. नवे मृत्युपत्र किंवा पुरवणी मृत्युपत्र. रद्द करत असल्याचा दोन साक्षीदारांसह केलेला लेख. किंवा रद्द करण्याच्या इराद्याने ते स्वतः जाळणे, फाडणे, नष्ट करणे, अथवा आपल्यासमोर आपल्या सांगण्यावरून दुसऱ्याकडून तसे करवणे. कृती आणि इरादा दोन्ही लागतात. इंग्लंडमधल्या १८७७ च्या एका निकालातला गृहस्थ असाच होता. त्याने मृत्युपत्रावर रेघा मारल्या, मागे 'रद्द' लिहिले आणि कागद रद्दीत टाकला. मोलकरणीने तो उचलून ठेवला. कागद फाटलेला-जळलेला नव्हता, म्हणून न्यायालयाने ते मृत्युपत्र जिवंत धरले.

झेरॉक्स फाडून मूळ प्रत कपाटात ठेवणे, मुलाला फोनवर 'जाळून टाक' सांगणे, व्हॉट्सअ‍ॅपवर 'मी ते रद्द केले' असे पाठवणे, यांपैकी कशानेही मृत्युपत्र रद्द होत नाही. फोनवाल्या प्रकारात कागद खरोखर जाळला गेला तरी नाही, कारण तो 'समोर' जळला नाही.

आणखी एक : दुसरे मृत्युपत्र करून पहिले रद्द केले आणि मग दुसरे फाडून टाकले, तर पहिले आपोआप उठून उभे राहत नाही. ते पुन्हा रीतसर करावे लागते किंवा पुरवणी मृत्युपत्राने जिवंत करावे लागते.

प्रश्न : आम्ही ख्रिश्चन. पत्नीच्या निधनानंतर २०१६ मध्ये मी मृत्युपत्र करून घर दोन्ही मुलांना आणि काही रक्कम चर्चला दिली. २०२१ मध्ये दुसरे लग्न केले. जुने मृत्युपत्र तसेच चालेल की दुरुस्ती करू? (शरणपूर रोड)

उत्तर : दुरुस्ती करायला ते उरलेलेच नाही. कलम ६९ प्रमाणे लग्न झाले की आधीचे मृत्युपत्र रद्द होते. तुम्हाला ते माहीत होते की नाही, तसा इरादा होता की नाही, हे कोणी विचारत नाही. आज काही बरेवाईट झाले तर पत्नीला एक-तृतीयांश आणि मुलांना मिळून दोन-तृतीयांश, चर्चला काही नाही. नवे मृत्युपत्र करा.

ते करताना साक्षीदार निवडण्यात काळजी घ्या. तुमच्या बाबतीत कलम ६७ लागते : साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला मृत्युपत्रात काही दिले असेल तर तेवढे देणे रद्द. मृत्युपत्र टिकते, फक्त त्या माणसाचे जाते. म्हणून मुलगा लाभार्थी असेल तर सुनेची साक्ष घेऊ नका. पारशी वाचकांनाही हे दोन्ही नियम लागू आहेत.

हिंदूंना (जैन, बौद्ध, शीख यांसह) ही दोन्ही कलमे लागू नाहीत. लग्नाने त्यांचे मृत्युपत्र रद्द होत नाही आणि साक्षीदाराला दिलेलेही नुसते त्या कारणाने जात नाही. तरी लाभार्थ्याला साक्षीदार करू नये असे आम्ही सांगतो, कारण संशयाचा पहिला बाण तिथेच लागतो. घटस्फोटाने मात्र कोणाचेच मृत्युपत्र आपोआप बदलत नाही. जुन्या मृत्युपत्रात घर पत्नीला नावानिशी लिहिलेले असेल, तर घटस्फोटाचा हुकूम कपाटात ठेवून भागत नाही, मृत्युपत्र बदलावे लागते.

प्रश्न : आईचे २०१२ चे नोंदणीकृत आणि २०२० चे साध्या कागदावरचे, अशी दोन मृत्युपत्रे निघाली. नोंदणीकृतच खरे ना? (सिडको)

उत्तर : नोंदणीला असा वरचढपणा नाही. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे, त्यावर मुद्रांक शुल्कही नाही. शेवटचे मृत्युपत्र चालते. पण २०२० च्या कागदावर 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द' असे आहे का ते पाहा. नसेल तर दोन्ही शेजारी ठेवून वाचतात आणि जिथे ती एकमेकांशी भिडतात तेवढ्यापुरतेच नवे चालते. जुन्यात बहिणीला दागिने आहेत आणि नव्यात दागिन्यांबद्दल अवाक्षर नाही, तर बहिणीचे दागिने शाबूत.

खरी परीक्षा २०२० चे मृत्युपत्र शाबीत होते का, याची. दोन साक्षीदार हवेत. प्रत्येकाने आईला सही करताना पाहिलेले असावे किंवा 'ही माझी सही' असे तिच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि प्रत्येकाने आपली सही तिच्यासमोर केलेली असावी. दोघे एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही. सर्वाधिक वेळा बिघडते ते इथे : कागद शेजाऱ्याच्या घरी पाठवून सही आणतात. उलटतपासणीत तो प्रामाणिकपणे सांगतो की सही केली तेव्हा काकू समोर नव्हत्या, आणि मृत्युपत्र संपते. न्यायालयात किमान एक साक्षीदार तपासावा लागतो, म्हणून आपल्यापेक्षा वयाने लहान आणि पत्ता सापडेल असे साक्षीदार घ्यावेत.

नवे मृत्युपत्र असे कोसळले तर त्यातले 'आधीची रद्द' हे वाक्यही त्याच्याबरोबर जाते आणि २०१२ चे पुन्हा लागू होते.

प्रश्न : आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली. मृत्युपत्रात मी 'फ्लॅट नं. ५, दुसरा मजला' मुलीला दिला आहे. आता सहाव्या मजल्यावर मोठा फ्लॅट मिळणार आहे. (कॉलेज रोड)

उत्तर : इथे दोन्ही बाजूंनी बोलता येते. सभासदत्व आणि भागपत्र तेच, हक्क तोच, फक्त भिंती नव्या, असे मुलगी म्हणेल. जुना फ्लॅट पाडला, नव्या करारनाम्याने नवा नंबर, नवे क्षेत्र मिळाले, वर काही फूट पैसे भरून घेतले, असे मुलगा म्हणेल. मुलीला हा वाद कशाला ठेवता? पुरवणी मृत्युपत्र दोन-चार ओळींचे असते.

ते दोनदा करा. पर्यायी जागेचा करार झाल्यावर एकदा : 'सदर फ्लॅटऐवजी पुनर्विकासात मला मिळणारी जागा, तिचा नंबर व क्षेत्र काहीही असो, आणि ताबा मिळण्यापूर्वी माझा मृत्यू झाल्यास ती मिळण्याचा माझा हक्क, हा मुलीस मिळावा.' ताबा मिळाल्यावर पुन्हा, नेमका नंबर आणि पार्किंग घालून. बिल्डरकडून येणारे भाडे आणि कॉर्पस ही रोख रक्कम आहे, ती फ्लॅटमागे जात नाही. ती कोणाला द्यायची ते वेगळे लिहा. पुरवणीलाही दोन साक्षीदार लागतातच, आणि तिच्यात मूळ मृत्युपत्राची तारीख आणि नोंदणी क्रमांक घालायला विसरू नका.

बंगल्याचा प्लॉट विकसनाला देऊन बदल्यात दोन फ्लॅट आणि रक्कम घेणाऱ्यांची अडचण याहून मोठी. तिथे 'माझा बंगला' हे देणे टिकवणे फार कठीण. त्यांनी सरळ नवे मृत्युपत्र करावे.

प्रश्न : आईने 'माझी पाच तोळ्यांची मोहनमाळ' मला आणि 'पाच तोळे सोने' वहिनीला लिहिले. मोहनमाळ तिने मोडून पाटल्या केल्या. वडिलांनी द्राक्षबाग भावाला दिली, तिच्यावर बँकेचे कर्ज आहे. कर्ज कोण फेडणार? (निफाड)

उत्तर : मोहनमाळ नेमकी वस्तू होती, ती राहिली नाही, तुमचे देणे गेले. पाटल्यांवर तुमचा वारस म्हणून जो काही हक्क निघेल तेवढाच. वहिनीचे 'पाच तोळे सोने' हे कोणत्याही विशिष्ट डागाला बांधलेले नाही. घरात सोने नसले तरी कर्जे फेडून उरलेल्या मिळकतीतून ते घेऊन द्यावे लागते. शब्दांची निवड एवढी महाग पडते. 'माझ्या मृत्यूच्या वेळी माझ्याकडे असलेले सर्व दागिने' असे लिहिले असते तर पाटल्याही आल्या असत्या.

बागेचे कर्ज भावाला. गहाण मिळकत नेमकी दाखवून दिली असेल आणि मृत्युपत्रात वेगळे म्हटले नसेल, तर घेणाऱ्याने बोज्यासकट घ्यायची, असा कलम १६७ चा नियम. सात-बाराच्या इतर हक्कांत बोजा दिसेलच. दागिने सोनेतारणात असतील तरी हेच. घेणाऱ्याला परवडत नसेल तर तो मृत्युपत्रातले देणे नाकारू शकतो, पण बाग घेतो आणि कर्ज नको, असे चालत नाही.

बाग वडिलोपार्जित आहे का, तेही पाहा. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत वडील फक्त स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देऊ शकतात. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना जन्मतः मुलांइतकाच हिस्सा आहे. सबंध बाग एकट्या भावाला लिहिली असली तरी तुमचा हिस्सा वडिलांच्या हातात नव्हताच, त्यापुरते ते देणे लागू होत नाही.

प्रश्न : काकांचे मृत्युपत्र नोंदवलेले होते हे नक्की, पण मूळ कागद सापडत नाही. (देवळाली कॅम्प)

उत्तर : मूळ कागद शेवटी कोणाच्या ताब्यात होता, ते आधी ठरवा. काकांच्याच कपाटात होता आणि मृत्यूनंतर मिळाला नाही, तर त्यांनीच तो रद्द करायला नष्ट केला असावा असे अनुमान निघू शकते. ते खोडून काढता येते : काका शेवटपर्यंत त्या मृत्युपत्राबद्दल बोलत होते, शेवटचे काही महिने अंथरुणाला होते, कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे होती, अशा पुराव्याने. कागद वकिलाकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये होता आणि तिथून हरवला, तर हे अनुमान निघत नाही.

प्रत दुय्यम निबंधक कार्यालयात मिळेल. मृत्युपत्रांचे नोंदणी पुस्तक तीन नंबरचे असते. करणारा हयात असेपर्यंत त्यातली नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला देतात, मृत्यूनंतर अर्ज करणाऱ्या कोणालाही. मृत्यूचा दाखला जोडा, करणाऱ्याचे पूर्ण नाव आणि नोंदणीचे अंदाजे वर्ष लिहा. नाशिकमध्ये दुय्यम निबंधकांची कार्यालये एकाहून जास्त आहेत, एका ठिकाणी नाही म्हणाले तर दुसरीकडे शोध घ्या. काकांनी पुढे रद्दलेख किंवा दुसरे मृत्युपत्र नोंदवले होते का, याचाही शोध त्याच अर्जात मागा. नाशिकमधल्या मिळकतीसाठी हिंदू व्यक्तीच्या मृत्युपत्राला प्रोबेट (मृत्युपत्र शाबीत झाल्याचा न्यायालयाचा दाखला) सक्तीचे नाही. पण मूळ कागद नसताना आणि कोणी हरकत घेतलेली असताना, नकलेच्या आधारे जिल्हा न्यायालयातून प्रोबेट घेऊन मगच नोंदीला जावे. व्यवस्थापक नेमलेला नसेल तर प्रोबेटऐवजी मृत्युपत्र जोडलेले प्रशासनपत्र (मिळकतीचा कारभार पाहण्यासाठी न्यायालयाने दिलेले अधिकारपत्र) मागावे लागते. अर्जाबरोबर नक्कल, मृत्यूचा दाखला, मिळकतीची यादी आणि जवळच्या वारसांची नावे-पत्ते द्यावे लागतात, कारण त्या प्रत्येकाला नोटीस निघते.